जागलीसाठी भरून आणलेला मेटल गाण्यांचा पेनड्राइव्ह

समुद्रपूर तालुक्यात स्टँडजवळ एक मोबाइलचं दुकान आहे. रिचार्ज, झेरॉक्स आणि पेनड्राइव्हमध्ये गाणी भरून देणं. भजनं, भीमगीतं, वरातीचे डीजे यांच्यासोबत तिथं मेटलही मिळतं, म्हणजे दणदणीत इलेक्ट्रिक गिटारचं इंग्रजी रॉक, कारण मालकाचा भाचा नागपूरला शिकून हे खूळ घेऊन आला. मीही माझ्या होस्टेलच्या दिवसांत ते नागपूरहूनच घेऊन आलो होतो, फरक एवढाच की तेव्हा कॅसेट होत्या.

हरभरा घाट्यावर आला की रानडुकरं रोज वावरात. मचाणावर स्पीकर लावून जागल करतो. भजनांची डुकरांना सवय झाली, म्हणून 32 जीबीचा पेनड्राइव्ह भरून आणला. सगळे मिळून 480 रुपये.

दुकानातल्या त्या पोरानं मेटलच्या प्रकारांप्रमाणे फोल्डर नीट लावलेत: हेवी, थ्रॅश, डेथ, ब्लॅक, डूम, पॉवर, ग्राइंड. नुसती नावं चिकटवलेली नाहीत, ऐकून लावलेत. ब्लॅक सॅबथ हा बँड हेवीतही आहे आणि डूममध्येही. त्यांचा गिटारवाला टोनी आयोमी, त्याच्या बोटांची टोकं बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात गेली, पुढं त्यानं तारा सैल केल्या, आवाज जड झाला. त्याच जडपणावर नंतरचे डूमवाले जगले, म्हणून दोन्हीकडे. पटलं. मोटरहेड बँडचा गायक लेमी जन्मभर सांगत राहिला की आम्ही रॉक अँड रोल वाजवतो, पण त्याचं कोण ऐकतो, तोही हेवीत.

भांडण झालं ते वेनम या बँडवरून. पोरानं त्यांना थ्रॅशमध्ये टाकलं. मी म्हटलं, बाबू, 1982 साली त्यांच्याच अल्बमचं नाव ब्लॅक मेटल, त्यावरून प्रकाराचं नाव पडलं, अन् ज्याच्या नावानं सातबारा त्यालाच वावराबाहेर काढतो काय? तो म्हणे, "काका, नाव त्याइचं, पण आवाज पाहा ना. नॉर्वेवाल्याइनं नव्वदीत जे केलं, मेहेम, डार्कथ्रोन, ते लावा अन् मंग हे लावा." रात्री मचाणावर लावून पाहिलं. एकीकडे मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सलग गिटार, दुसरीकडे उधळलेल्या बैलबंडीचा खडखडाट. पोरगं बरोबर होतं. तरी मी वेनमला ब्लॅकमध्येच ठेवीन.

दुसऱ्या खेपेला माझीच फजिती. ग्राइंडच्या फोल्डरमध्ये नेपाम डेथ या बँडचं एक गाणं सुरू होताच बंद. तीनदा लावलं, तेच. सोळा किलोमीटर गाडी हाणत गेलो, फाईल खराब आहे म्हणून. पोरगं हसू दाबत म्हणालं, "काका, फाईल बरोबर हाय. गाणंच तेवढं हाय." 1987 च्या स्कम अल्बमवरचं ते गाणं, लांबी 1.316 सेकंद! दुकानातल्या चार गिऱ्हाइकांसमोर पुन्हा लावून दाखवलं. एक बाई म्हणाल्या, शिंक आली काय कोणाले?

आता तक्रार. एवढी लेबलं लावली, पण माझ्या स्पीकरला नावं दाखवणारी स्क्रीनच नाही. गाणी ज्या क्रमानं कॉपी झाली त्याच क्रमानं वाजतात. डूम शेवटी भरलेलं, म्हणून ते पहाटे तीनला लागतं, नेमकं डुकरं यायच्या वेळेला. इतकं संथ की तेवढ्यात मलाच झोप लागली आणि डुकरं दोन तास खाली चरून गेली. हे दुकानानं विचारायला हवं होतं की गाणी कशावर वाजवणार. थ्रॅशनं मात्र पहिले चार दिवस डुकरं फिरकली नाहीत. पाचव्या दिवशी आली.

पाचपैकी साडेतीन. पेनड्राइव्ह घरचा न्या, त्यांचा महाग पडतो. डूम आधी भरायला सांगा, म्हणजे जेवताना उरकतं. आणि बाजाराच्या दिवशी जाऊ नका, पोरगं झेरॉक्सवर अडकलेलं असतं आणि मग मामा भरून देतो. त्याच्या लेखी सगळंच डीजे.