२२ फुटी होडीला ९.९ एचपी पुरतं का? दहा महिन्यांनंतरचा अनुभव

पावसाळी मासेमारी बंदी चालू आहे, होडी माडाच्या बुडात ओढून ताडपत्रीखाली, मशीन पडवीत स्टँडवर लटकतंय आणि बाहेर पाऊस, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. गेल्या नारळी पौर्णिमेला नवीन मशीन लावलं, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला बसतं ते आउटबोर्ड इंजिन, फोर-स्ट्रोक ९.९ एचपीचं. होडी फायबरची २२ फूट, अंगाने अरुंद, मी आणि बाबा दोघंच जातो, मालवणजवळच्या देवबागच्या खाडीतून बाहेर पडून साधारण चार नॉटिकल मैलांपर्यंत कांडाळी (मासे अडकतात ती उभी जाळी) टाकायला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हा ब्रँडचा रिव्ह्यू नाही, साइजचा आहे.

घेताना अख्ख्या वाडीने मला वेड्यात काढलं. "अरे दहात काय होतला? पंचवीस घे, होडी कशी पळतली बघ!" आता किनाऱ्यावर पर्यटकांच्या बोटींना चाळीसची मशीनं बघून बघून सगळ्यांचा मापदंडच बिघडलाय. ती बोट सात-आठ माणसं घेऊन पाण्यावर उचलते आणि पाच मिनिटांत फिरून येते, तिला चाळीस पाहिजेच. माझी होडी उचलायची नाहीये, मासे आणायचेत.

तरी मन राहवेना म्हणून चुलत भावाचं पंचवीसचं टू-स्ट्रोक एक दिवस मागून आणलं. रिकाम्या होडीला काय पळवलंन म्हणून सांगू, नाळ (पुढचं टोक) वर, मागे पांढरा पट्टा, मी खूश. मग जाळी, बर्फ आणि बाबा चढले आणि मजा संपली. मागची बाजू खाली बसली, नाळ आभाळात, मागे डोंगराएवढी लाट, आणि फोनच्या जीपीएसवर स्पीड किती तर ८ नॉट, म्हणजे तासाला जेमतेम १५ किलोमीटर. एवढा आवाज करून ८!

याचं कारण मला नंतर कळलं आणि सगळ्यांनी खरेदीआधी समजून घ्यावं असं ते आहे. जी होडी पाणी कापत जाते, पाण्यावर चढत नाही, तिला स्वतःच्याच लाटेची अडचण होते. पाण्याला टेकलेली लांबी फुटात घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं, गुणिले १.३४, साधारण तेवढे नॉट ती सुखाने जाते. माझी पाण्यातली लांबी २० फूट, म्हणजे जेमतेम ६ नॉट, तासाला ११ किलोमीटर. त्याच्या वर जायचं तर होडीला स्वतःच्या लाटेवर चढावं लागतं, चढेपर्यंत प्रत्येक जास्तीच्या नॉटला पेट्रोल पिऊन टाकते, आणि भरलेली असली तर बऱ्याचदा चढतच नाही. म्हणजे भावाचं मशीन मला ६ चे ८ करून देत होतं. चार मैलाला दहा-अकरा मिनिटं वाचतात, आणि पेट्रोल डबल.

हिशोब सांगतो. माझं ९.९ पूर्ण सोडलं की तासाला ३ ते साडेतीन लिटर घेतं, जाऊन येऊन आणि जाळ्याभोवती फिरणं धरून एका फेरीला साडेपाच लिटर. पंचवीसला त्याच फेरीला ११ लिटर गेलं, वर ५०:१ च्या हिशोबाने २२० मिली टू-टी ऑइल वेगळं. पेट्रोल शंभरच्या वर आहे, महिन्याला वीस फेऱ्या धरा, दहा हजाराच्या वर फरक पडतो. आणि फरक हमखास पडतो, बांगडा हमखास नाही.

पण म्हणून ९.९ ने मला त्रास दिला नाही असं नाही. जानेवारीत एकदा चांगला माल लागला, सहा क्रेट बांगडा, ओली कांडाळी, होडी चांगलीच बुडालेली. परतताना दुपार झाली, वायव्येचा वारा उठलेला आणि खाडीच्या तोंडावर ओहोटी जोरात बाहेर पडत होती. वारा आणि पाणी समोरासमोर आले की तिथल्या वाळूच्या बांधावर लाटा कशा उभ्या राहतात ते देवबाग-भोगव्याकडच्यांना सांगायला नको. मी थ्रॉटलची मूठ शेवटपर्यंत पिळलेली, मशीन घुमतंय पण दमल्यासारखं, जीपीएसवर २ नॉट. किनाऱ्यावरचा एकच माड बराच वेळ तिथल्या तिथे दिसत होता. तेव्हा मी मनात पंधरा, वीस, पंचवीस सगळी मशीनं विकत घेतली. बाबा नाळेला पाणी उपसत बसलेले, आत आल्यावर एवढंच बोलले, "मशिनाक शिव्या घालू नको, ओहोटी बघून येवक होया."

ते खरं, पण मशीन दमल्यासारखं का वाटलं हा किडा डोक्यात राहिला. स्पार्क प्लगच्या वायरीला गुंडाळतात ना तो इंजिनचे मिनिटाचे फेरे (आरपीएम) मोजणारा छोटा टॅको मागवला. माझ्या मशीनच्या पुस्तकात फुल थ्रॉटलला ५००० ते ६००० आरपीएम पाहिजे असं लिहिलंय. भरलेल्या होडीत निघाले ४७००. म्हणजे ९.९ चे पैसे दिले पण ९.९ पूर्ण मिळतच नव्हते, चौथ्या गियरमधे घाट चढवल्यासारखं. मशीनसोबत आलेला प्रॉप, म्हणजे पाण्यातला पंखा, ९ पिचचा होता (पिच म्हणजे एका फेऱ्यात तो हिशोबाने किती इंच पुढे सरकतो ते), हलक्या बोटीसाठी ठीक. साधारण एक इंच पिच कमी केलं की दीडशे-दोनशे आरपीएम वाढतात, म्हणून सरळ ७ चा लावला. भरलेल्या होडीत आता ५१५० मिळतात, स्पीड साडेपाचचा ५.८ झाला. आकडा बघून हसाल, पण वाऱ्यावर तोंड करून होडी आता अडखळत नाही, ढकलत राहते. रिकामी असताना मात्र आधी ७ नॉट जायची ती आता थोडी कमी जाते आणि मशीन जास्त ओरडतं, तेव्हा मूठ सैल ठेवायची.

विकणाऱ्याने होडी न बघताच मशीन दिलं होतं, लोडचं एक अक्षर विचारलं नाही, याचा राग अजून आहे. शाफ्टचं, म्हणजे मशीन फळीपासून किती खाली पाण्यात जातं त्या लांबीचं, तरी मी स्वतः मोजून नेलं होतं म्हणून वाचलो. मागच्या फळीची उंची १९ इंच, तर २० इंचाचा लाँग शाफ्ट. १५ इंचाचा शॉर्ट स्वस्तात मिळत होता, तो घेतला असता तर प्रत्येक लाटेला प्रॉप हवेत.

मग पंधरा कोणी घ्यावं? माझ्यासारखीच होडी पण तीन-चार माणसं, जाळी दुप्पट, किंवा रोज दुपारच्या वाऱ्यातच यावं लागतं, त्याने घ्यावं. पुष्कळ कंपन्यांचं ९.९ आणि १५ एकाच ब्लॉकवर असतं, वजनही तेच, त्यामुळे दोघांनी खांद्यावरून वाळूत उचलून न्यायला फरक पडत नाही. आज परत घ्यायचं तर मीसुद्धा दोन दिवस विचार करीन, खोटं कशाला बोलू. पंचवीस मात्र नाही, माझी मागची फळीच तेवढ्या जोराची नाही.

बाकी कटकटी किरकोळ. रोज आल्यावर पिंपात गोड्या पाण्यात दहा मिनिटं चालवतो, बाबांचं पहिलं लक्ष मागच्या भोकावर, "मुतता मा?" म्हणजे थंड पाण्याची धार येतेय ना. एकदा धार बारीक झाली, आत वाळू, थंड पाणी ओढणाऱ्या पंपाचा रबरी पंखा (इम्पेलर) बदलला. मार्चमधे बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनमुळे तीन आठवडे होडी बंद, तर मशीन चालू होऊन लगेच बंद पडायचं, कार्ब्युरेटरचा जेट चोंदलेला. आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे यावेळी बंदीला टाकी रिकामी केली आणि पाइप काढून, कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत चालवूनच मशीन पडवीत आणलं.

९ पिचचा जुना प्रॉप पडून आहे, एक ओरखडा नाही. एकटा माणूस हलकी होडी घेऊन नुसतं गरवायला (गळाने मासे धरायला) जात असेल आणि मशीनला बसत असेल तर येऊन घेऊन जावा, पैशाचं बघू. येताना सुरमई आणलीत तर बाबा खूश होतील.