फुकट फोनच्या सहीत घरचा नंबर गेला

ऑगस्ट २०२४मध्ये फ्रीमाँटच्या एका देशी किराणा दुकानाबाहेर मी एका टॅब्लेटवर बोटाने सही केली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या घरचा फोन बंद पडला. कॅलिफोर्नियात मुलांच्या मागे येऊन स्थायिक झालेल्या आणि आता वेगळ्या, ज्येष्ठांसाठीच्या इमारतीत राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी अनेकांकडे लाइफलाइनची, म्हणजे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना फोनच्या बिलात मिळणारी सरकारी सवलत असते, म्हणून घडले ते सगळे सविस्तर लिहीत आहे.

आमच्याकडे साधा तारेचा फोन आहे. यजमानांना दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येते. राज्य सरकारच्या एका योजनेतून त्यांना अक्षरे दाखवणारा फोन मिळाला आहे. समोरचा बोलतो ते त्याच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत उमटत जाते. ही उपकरणे विनामूल्य मिळतात आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही. अर्जावर डॉक्टरांनी किंवा श्रवणतज्ज्ञांनी सही केली की पुरते, हे ज्यांना माहीत नाही त्यांनी आधी समजून घ्यावे. ७११ हा क्रमांक फिरवून मध्यस्थामार्फत बोलण्याची सोयही देशभर आहे, परंतु यजमानांना आपल्या पडद्याची सवय. बँक, दवाखाना, पुण्यातली बहीण, सगळ्यांकडे हाच नंबर गेली अकरा वर्षे आहे. मेडिकॅल, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा राज्याचा आरोग्य विमा, असल्यामुळे या फोनच्या बिलावर आम्हाला लाइफलाइनची सवलत मिळत होती.

मोहात पडण्याचे कारणही सांगते. इंटरनेटच्या बिलात महिना ३० डॉलरपर्यंत सूट देणारी केंद्राची एसीपी योजना पैसे संपल्यामुळे १ जून २०२४ रोजी बंद झाली. तेव्हापासून आमचे इंटरनेटचे बिल वाढले होते आणि ती सूट परत कशी मिळेल याची मी चौकशी करीत होते. दुकानाबाहेर निळा तंबू ठोकून बसलेल्या तरुणाने नेमके तेच बोलून दाखवले. "आंटी, वो बंद हो गया ना, अब उसके बदले ये फ्री फोन है, गव्हर्नमेंट का." तो नम्र होता. हिंदीत बोलत होता. मला उन्हात उभे राहावे लागू नये म्हणून त्याने खुर्चीही दिली. मी त्याला स्पष्ट विचारले की आमच्या घरच्या फोनला सवलत आहे, तिला धक्का लागणार नाही ना? "वो अलग है," असे तो म्हणाला.

ते अलग नव्हते. लाइफलाइनची सवलत साधारणपणे एका कुटुंबाला एकच मिळते, मग ती तारेच्या फोनवर घ्या नाही तर मोबाइलवर. दुसऱ्या कंपनीकडे नाव नोंदवले की पहिल्या कंपनीकडची सवलत जाते, आणि ही गोष्ट ग्राहकाला आधी समजावून सांगून त्याची संमती घेणे नव्या कंपनीवर बंधनकारक आहे. त्याने माझ्या मेडिकॅल कार्डाचा फोटो काढला, जन्मतारीख आणि सोशल सिक्युरिटीचे शेवटचे चार आकडे घेतले आणि पत्त्याचा पुरावा म्हणून पर्समधले फोनचे बिल मागितले. त्या बिलावर आमचा नंबर आणि खाते क्रमांक दोन्ही होते. मग टॅब्लेटवर इंग्रजीतली पाने भराभर सरकवत त्याने चार ठिकाणी माझ्या सह्या घेतल्या. त्यातल्या एका पानावर घरचा नंबर नव्या मोबाइलवर आणण्याची विनंती होती, हे मला नंतर कळले.

तिसऱ्या दिवशी मी देवळात गेले होते. परत आले तेव्हा यजमान फोनजवळ बसले होते. रिसीव्हर उचलायचे, कोऱ्या पडद्याकडे बघायचे, खाली ठेवायचे आणि पुन्हा उचलायचे. हृदयरोगतज्ज्ञांकडून तपासणीची वेळ कळणार होती आणि तो फोन आलाच नाही, म्हणजे आमच्यापर्यंत पोहोचला नाही. स्वयंपाकघरातल्या खणात नवा मोबाइल पडला होता. तो उघडून पाहिला तर त्यावर दवाखान्याचे दोन चुकलेले कॉल दिसत होते. आमचा अकरा वर्षांचा नंबर त्या हलक्या, प्लॅस्टिकच्या फोनमध्ये जाऊन बसला होता.

माझा पहिला विचार तो मोबाइल तत्काळ रद्द करण्याचा होता. तसे केले असते तर नंबर कायमचा गेला असता. आमच्या जुन्या कंपनीतल्या बाईंनी मला निक्षून सांगितले की नंबर परत येईपर्यंत नवी सेवा चालूच ठेवा, कारण बंद पडलेला नंबर दुसरीकडे नेता येत नाही. नव्या कंपनीकडून आधी खाते क्रमांक आणि नंबर हलवण्याचा पिन मागून घ्या, असेही त्या म्हणाल्या. शिवाय लाइफलाइनचा फुकट मोबाइल ३० दिवस वापरला नाही तर कंपनी सूचना देऊन १५ दिवसांनी सेवा बंद करू शकते. म्हणून तो नकोसा फोन मी रोज चार्ज केला आणि त्यावरून मुलीला कॉल करत राहिले. पिन मिळवण्यासाठी मला पाच वेळा फोन करावा लागला. सतराव्या दिवशी यजमानांच्या पडद्यावर पुन्हा अक्षरे आली.

नंबर आला तरी सवलत आपोआप परत येत नाही. तिच्यासाठी जुन्या कंपनीमार्फत नव्याने अर्ज करावा लागला. कॅलिफोर्निया लाइफलाइनचा अर्ज गुलाबी पाकिटातून येतो. जाहिरात समजून ते फेकून देऊ नका. त्यावरच्या मुदतीत उत्तर गेले नाही तर पात्र माणसाचीही सवलत जाते, आणि दरवर्षीच्या नूतनीकरणालाही हेच लागू आहे. हा अर्ज भरताना मला एक गोष्ट कळली आणि फार वाईट वाटले. यजमानांना अक्षरांचा फोन देणाऱ्या राज्याच्या त्या अपंग-बधिर योजनेत सदस्य असलेली व्यक्ती घरात असेल, तर कॅलिफोर्नियात त्या कुटुंबाला दुसरीही सवलत मिळू शकते. म्हणजे मोबाइलवरची सवलत आम्हाला हवी असती तर घरचा नंबर न घालवता, रीतसर मागता आली असती. तंबूतल्या तरुणाने आम्हाला तेवढे एकच विचारले नाही की घरात कोणाला ऐकायला कमी येते का.

तक्रार मी दोन ठिकाणी केली. एक राज्यातल्या फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या पब्लिक युटिलिटीज कमिशनच्या ग्राहक विभागाकडे आणि दुसरी केंद्राच्या एफसीसीकडे, म्हणजे दूरसंचार आयोगाकडे. एफसीसीने तक्रार कंपनीकडे पाठवली की कंपनीला ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. पैसे पडत नाहीत, वकील लागत नाही. इंग्रजी फोनवर अडत असेल तर कमिशनच्या मदतीने चालणाऱ्या 'टीम' नावाच्या कार्यक्रमातल्या स्थानिक संस्था बिल वाचून देतात आणि कंपनीशी बोलतात. उत्तरात कंपनीने माझ्या चार सह्यांच्या प्रती पाठवल्या आणि ग्राहकाची संमती होती असे लिहिले. मी प्रत्युत्तर दिले आहे की मराठी-हिंदी बोलणाऱ्या बाईला इंग्रजी पान दोन सेकंद दाखवणे म्हणजे समजावणे नव्हे. नाव नोंदवणाऱ्या माणसांना दर अर्जामागे दलाली देण्यास एफसीसीने २०१९मध्येच मनाई केली आहे, तेव्हा त्या तरुणाला मोबदला कसा मिळत होता, हेही मी विचारले आहे.

त्या दिवशी माझ्यामागे रांगेत आणखी चार जण उभे होते. त्यात काठी टेकत आलेले एक आजोबाही होते आणि त्यांच्याही हातात बिल होते. त्यांनी, आणि अशा तंबूत सही केलेल्या कोणीही, आजच आपल्या जुन्या कंपनीला फोन करून दोनच प्रश्न विचारावेत: आमची लाइफलाइन अजून तुमच्याकडे आहे का, आणि आमचा नंबर हलवण्याची विनंती आली आहे का. विनंती आली असेल आणि नंबर अजून गेला नसेल, तर ती तिथेच थांबवायला सांगावी.