किडनीच्या नसेत ब्लॉकेज आणि बीपी वाढलेलं: गोळ्या की स्टेंट?

डॉपलरच्या, म्हणजे नसेतला रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टवर 'रीनल आर्टरी स्टेनोसिस' वाचलं की घरचे पहिलं हेच विचारतात, नस अरुंद आहे ना, मग उघडून टाका की. पटण्यासारखं आहे, कारण किडनीला रक्त कमी पोचलं की ती रेनिन नावाचं रसायन सोडते आणि त्याने बीपी चढतं, म्हणजे नस उघडली की बीपी उतरायला हवं. पण साठी-पासष्टीच्या, शुगर किंवा सिगरेटवाल्या माणसाची नस चरबी साचून अरुंद झालेली असते, आणि तिथे हा हिशोब जुळत नाही. २०१४ साली आलेल्या कोरल ट्रायलमध्ये ९०० वर पेशंट होते, अर्ध्यांना गोळ्या आणि अर्ध्यांना गोळ्या प्लस स्टेंट (नस उघडी ठेवणारी जाळीची बारीक नळी), तरी हार्ट अटॅक, स्ट्रोक, किडनी बिघडणं यात काही खास फरक पडला नाही. बीपी वरचं दोनेक पॉइंट जास्त उतरलं, बस. शिवाय स्टेंट टाकला तरी गोळ्या काही सुटत नाहीत, हे आधी कोणी नीट सांगत नाही!

गोळ्यांचं म्हणाल तर स्वस्त, पण लक्ष ठेवावं लागतं. रामिप्रिल, टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या इथे चांगल्या चालतात, मात्र दोन्ही नसा अरुंद असतील किंवा किडनी एकच असेल तर क्रिएटिनिन (किडनीचं काम कमी झालं की रक्तात वाढणारा घटक) झपकन वाढू शकतं, म्हणून सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचंच. स्टेंटमध्ये नस दिसण्यासाठी सोडलेल्या डायचा किडनीवर भार, जांघेतून रक्तस्राव, चरबीचे कण सुटून पुढे अडकणं असे धोके आहेत, आणि पुढे नस परत अरुंद होऊ शकते ते वेगळंच.

मग स्टेंट कोणाला? तीन-चार गोळ्या फुल डोसमध्ये घेऊनही बीपी ऐकत नाही, फुप्फुसात अचानक पाणी भरून परत परत ॲडमिट व्हावं लागतं, किंवा दोन्हीकडे ब्लॉक आहे आणि क्रिएटिनिन भराभर चढतंय, अशांना मी म्हणेन नक्की विचारा. किडनी पार आकसून सात सेंटीमीटरच्या खाली गेली असेल तर मात्र खर्च सहसा वाया जातो.

तरुण बाईला हा त्रास असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा. फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेझिया (चरबीमुळे नाही, तर नसेच्या भिंतीची वाढच बिघडून नस अरुंद होणं) असेल तर नसेत नुसता फुगा फुगवून, स्टेंटशिवाय, छान फरक पडतो, कधी गोळ्या बंदही होतात. आणि ताकायासू असेल, म्हणजे मोठ्या नसांना सूज येण्याचा आजार, जो आपल्याकडे तरुण मुलींमध्ये बऱ्यापैकी दिसतो, तर आधी नसेची सूज औषधांनी शांत करायची, फुगा त्यानंतर.