सर्व्हरचा कन्सोल: ब्राउझरमधून की सीरियलवरून?

रात्री सर्व्हर अडकला, तर दांडिया बाजारातल्या घरी बसून त्याच्या मॅनेजमेंट पोर्टपर्यंत (सर्व्हर अडकला तरी दुरून ताबा देणारी वेगळी जोडणी) पोहोचायला दोन वाटा आहेत. ब्राउझरमधल्या कन्सोलवर बायॉस (मशीन सुरू होतानाची मूळ सेटिंग्ज) दिसतो, आयएसओ (इन्स्टॉलेशन डिस्कची फाइल) जोडून ओएस नव्याने टाकता येते. पण नेट मंद असलं की माउस रखडतो. ‘सीरियल ओव्हर लॅन’मध्ये नुसती अक्षरं ये-जा करतात, त्यामुळे मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही काम निभतं. शिवाय कर्नल पॅनिकचा, म्हणजे ओएसचा गाभाच कोसळतो तेव्हाचा, सगळा मजकूर फाइलीत साठवता येतो. ब्राउझरात वरच्या ओळी केव्हाच सरकून गेलेल्या असतात. फक्त बायॉसमधलं सीरियलकडचं रीडायरेक्शन आणि कर्नलचा सीरियल कन्सोल आधीच लावून ठेवा, नाहीतर पडदा कोराच. रोजच्या कामाला मी सीरियलच सांगेन. आयपीएमआयचं (ज्या प्रोटोकॉलवर हा दुरून ताबा चालतो त्याचं) ६२३ नंबरचं यूडीपी पोर्ट मात्र इंटरनेटवर उघडं टाकू नका: आयपीएमआय २.० लॉगिनआधीच पासवर्डचा हॅश (ज्यावरून पासवर्ड शोधून काढता येतो असा सांकेतिक ठसा) देऊन मोकळं होतं. व्हीपीएन हवंच.