पाठांतर पक्कं की हात सराईत?

सुश्रुतसंहितेत, म्हणजे शस्त्रक्रियेसाठी प्रसिद्ध असलेल्या प्राचीन आयुर्वेदग्रंथात, दोन अपुरे वैद्य भेटतात. एकाला शास्त्र मुखोद्गत, पण उपचाराचा सराव नाही. रणात भित्रा गांगरावा तसा तो रोग्यासमोर गांगरतो. दुसऱ्याचा हात सराईत, पण शास्त्र शिकलेलं नाही. त्याला सज्जनांत मान नाही आणि राजाकडून थेट वधाची शिक्षा. मला ही कठोरता पटते. पहिला किमान थबकतो, दुसरा बेधडक शस्त्र चालवतो. शिवाय सराव मिळवता येतो: सुश्रुत शिष्याला आधी कोहळा, दुध्या, कलिंगड कापायला लावतो, शिवण कापडावर आणि मऊ चामड्यावर, वेध म्हणजे टोचणं कमळाच्या देठावर, मगच माणसाच्या अंगाला हात. आयुर्वेदाचा दुसरा प्राचीन आचार्य चरक, त्याने सांगितलेल्या चार वैद्यगुणांत शास्त्रज्ञान आणि अनुभव दोन्ही आहेत, सोबत कौशल्य आणि शुचिता.