टॅप-डाय सेट: नऊ महिने वापरल्यावर

जानेवारीत मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून टॅप-डायचा नवा सेट आणला, एम३ ते एम१२, म्हणजे ३ ते १२ मिमी मापांचा. टॅप भोकाच्या आत आटे पाडतो, डाय रॉडवर बाहेरून. ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये आमचा छोटा गाळा आहे, फिक्स्चर (काम पकडून ठेवायचे साचे) आणि दुरुस्तीची कामं असतात. दसरा झाला, सेट रोज हाताखाली आहे, तेव्हा आता खात्रीने लिहितो.

माल चांगला आहे. पण पेटी उघडून थेट कामाला लावू नका. मी लावला होता. एम८ची डाय, एमएसचा (माइल्ड स्टील, साधं मऊ पोलाद) रॉड, वरून कटिंग ऑइल. तीन-चार आटे पडले आणि पुढे उंदराने कुरतडल्यासारखे. नट एक फेरा जाईना. शेजारच्या गाळ्यातले काका जुने टर्नर. त्यांनी डाय उजेडाकडे धरली. चार भोकांपैकी दोन तपकिरी मेणाने बुजलेली.

"अरे, हे गंज धरू नये म्हणून लावलंय, कापायला नाही. कीस जाणार कुठे?"

डायच्या कडेला एक उभी चीर असते, मेण त्या फटीतही होतं, त्यामुळे हँडलचे स्क्रू फिरवून डाय सैल-घट्ट करण्याचाही उपयोग होत नव्हता.

सगळा सेट रात्रभर रॉकेलमध्ये ठेवला. सकाळी जुन्या टूथब्रशने एकेक भोक, टॅपची एकेक खाच घासली. (लोखंडी तारेचा ब्रश नको, धार मरते.) पांढऱ्या फडक्यावर मेणाबरोबर करडी, चमचमणारी पूड उतरली. ग्राइंडिंगची धूळ! हीच आट्यांत फिरत होती. पुन्हा तोच रॉड, नवं टोक, फट उघडी ठेवून पहिला हात, मग थोडी आवळून दुसरा. अर्धा फेरा पुढे, जरासा मागे, म्हणजे कीस तुटतो. नट बोटाने शेवटपर्यंत गेला.

धुणं हे अर्धंच काम, हे मला जुलैत कळलं. एम६चे तिन्ही टॅप (एका मापाचे तीन, एकामागून एक चालवायचे) रॉकेलने धुतले, पुसले आणि तसेच पेटीत ठेवले. ठाण्याचा पाऊस, त्यात खाडीकडची दमट हवा. दोन दिवसांत नारिंगी ठिपके, आणि एकावर माझ्या अंगठ्याचा ठसा जसाच्या तसा गंजलेला. तेव्हापासून धुतल्यावर पूर्ण कोरडं करून स्पिंडल ऑइलचा (मशीनचं पातळ तेल) पातळ हात फिरवतो. जाड लावलं की धूळ बसते. पेटीत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकल्यात.

हे तेल नुसतं ठेवणीचं. कापताना एमएसला कटिंग ऑइल, ॲल्युमिनियमला रॉकेल, बिडाला कोरडंच. आणि एम८च्या टॅपला भोक ६.८ मिमीचंच घ्या, नाहीतर टॅपला दोष देऊ नका.

तक्रार एकच, हँडलचे स्क्रू मऊ आहेत, दोन बदलावे लागले. एम६ आणि एम८ सर्वांत जास्त चालतात, त्यांची धार अजून टिकून आहे.

खंडेनवमीला पेटी पूजेत मांडली. आईने हळदकुंकू आणलं, तेव्हा तिला म्हटलं, झाकणावरच वाहा, आत तेलाचा हात फिरवलाय.