बरो आणि हर्ट्स: कॉलेज बदललेले दोन क्वार्टरबॅक

अमेरिकन फुटबॉलमधील क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रे सांभाळून चेंडू फेकणारे खेळाडू) जो बरो आणि जेलन हर्ट्स या दोघांनीही पदवी मिळवून मगच कॉलेज बदलले, त्यामुळे तेव्हाच्या नियमानुसार एक वर्ष बाहेर बसण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. मात्र दोघांची गरज अगदी वेगळी होती.

बरोला ओहायो स्टेट विद्यापीठात फारसे खेळायला मिळाले नव्हते. 2018 मध्ये तो लुइझियाना स्टेटला गेला, पहिल्या वर्षी त्याने फेकलेल्या पासवरचे टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात नेऊन मिळवलेले गुण) अवघे 16 होते, आणि 2019 मध्ये जो ब्रेडी या प्रशिक्षकाने आक्रमणाची पद्धत बदलल्यावर तेच 60 झाले. कॉलेज फुटबॉलमधील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा हाइजमन पुरस्कार आणि राष्ट्रीय विजेतेपद ओघानेच आले. हे दुसरे वर्ष हाती असणे मला निर्णायक वाटते.

हर्ट्सकडे नव्या कॉलेजात, म्हणजे ओक्लाहोमात, एकच वर्ष होते. त्याआधी अलाबामाकडून खेळताना जानेवारी 2018 मध्ये जॉर्जियाविरुद्धच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात मध्यंतरानंतर त्याला बसवण्यात आले होते. तरीही तो वर्षभर थांबला, आणि डिसेंबरमध्ये जॉर्जियाविरुद्धच चौथ्या सत्रात मैदानात उतरून, 15 यार्ड धावत त्याने विजयी टचडाउन केला. माझ्या मते त्याची जडणघडण या थांबण्यात झाली, स्थलांतरात नव्हे.

2019 च्या पीच बोलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाच्या उपांत्य सामन्यात, दोघे समोरासमोर आले तेव्हा बरोने पूर्वार्धातच सात टचडाउन पास देऊन सामना 63-28 असा एकतर्फी केला. व्यावसायिक संघांनी कॉलेजच्या खेळाडूंची निवड केली त्यात बरो पहिला, तर हर्ट्स 53 वा ठरला. परंतु फेब्रुवारी 2025 मध्ये फिलाडेल्फियाला सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक लीगचा अंतिम सामना, जिंकून देताना सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान हर्ट्सने मिळवला.